फरशीवरची पळी

पाणीदादांचं खरं नाव बागेच्या हजेरीपटावर तेवढं उरलं होतं. बाकी जुन्या शहराला ते पाणीदादाच. तटाच्या आतल्या मोठ्या सार्वजनिक बागेत ते एकतीस वर्षं पाणी सोडत होते. लांब दांड्याची लोखंडी चावी खांद्यावर टाकून सकाळी सहाला निघायचे. कुठल्या झुडपाआड कुठला व्हॉल्व्ह, हे डोळे मिटून सांगतील.

पण नोकरीच्या पहिल्या महिन्यात पूर्वेकडचा व्हॉल्व्ह कुठल्या फरशीखाली आहे, हे ते रोज विसरायचे. गवतात सगळ्या फरश्या सारख्याच. तेव्हाचा मिस्त्री तोंडाचा फटकळ. "संध्याकाळी स्वतःचं घर तरी सापडतं ना रे तुला?" असं चारचौघांत बोलला. ते इतकं झोंबलं, की दादांनी त्याच दुपारी छिन्नी-हातोडी घेऊन त्या फरशीवर खूण कोरली. व्हॉल्व्हचं गोल चाक आणि खाली दांडा. शेवटच्या घावाला छिन्नीचं टोक मोडून दगडातच रुतून बसलं.

बायकोला हौसेनं नेऊन दाखवलं. ती म्हणाली, "पळी छान काढलीत."

पुढची एकोणतीस वर्षं त्या पळीकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग ताई आल्या. ताई दर रविवारी पंचवीस-तीस माणसं गोळा करून जुनं शहर पायी दाखवायच्या. अभ्यास दांडगा, आवाज खणखणीत, पायाला भिंगरी. तटातली चोरवाट, वडाच्या मुळांनी गिळलेली कमान, बंद पडलेलं कारंजं, सगळं त्यांनीच हुडकलेलं. एका रविवारी गवतातून जाताना त्या थबकल्या आणि गुडघ्यांवर बसल्या.

"सूर्य! आणि हा त्याचा किरण. दादा, किती जुना असेल हो?"

दादांचं चुकलं ते इथे. सरळ सांगून मोकळं व्हायचं. पण तीस माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत होती. जन्मात पहिल्यांदा कुणी त्यांना काही विचारून उत्तरासाठी थांबलं होतं.

"मी आलो त्याच्या आधीचाच असावा," दादा म्हणाले.

झालं. सूर्याचा बोलबाला झाला. कुणा अभ्यासकानं तो सूर्य नसून राणीच्या हातातला आरसा आहे, असं छापून आणलं. सूर्यवाले आणि आरसेवाले असे दोन तट पडले. फोटोंत मात्र दोन्हीकडे दादा, चावी घेऊन शेजारी उभे. रविवारी ते डोक्याला तेल लावून, भांग पाडून जाऊ लागले. पाणी सोडायला फरशी उचलायची, ती सहा वाजता, कुणी नसताना, चोरासारखी.

"खोटं बोललात ते बोललात," बायको म्हणायची, "वर भांग कशाला पाडता?"

सकाळी देवापुढे हात जोडले की दादांची नजर आपोआप खाली जायची. देव काही बोलत नसे. त्याचं न बोलणंच फार लागायचं.

अशी दोन वर्षं गेली. एका शनिवारी बागेच्या साहेबांनी बोलावलं. "उद्या दहा वाजता आपला तो सूर्य कायमचा सुरक्षित करतोय. चहूबाजूंनी सिमेंट आणि वरून लोखंडी कठडा. पुन्हा कुणी हलवू शकणार नाही!"

ती फरशी म्हणजे व्हॉल्व्हच्या खड्ड्याचं झाकण. ऑफिसातला नकाशा वाळवीनं केव्हाच फस्त केलेला, त्यामुळे खाली काय आहे हे दादांखेरीज कुणालाच माहीत नव्हतं. झाकण बुजलं की पूर्वेकडचं पाणी बंद. तिथे दादांनी हातानं वाढवलेली चाळीस रोपं होती, आणि उन्हाळा तोंडावर होता. खरं सांगावं, तर निवृत्तीला पाच महिने राहिलेले असताना सगळ्या गावासमोर खोटारडा ठरायचं.

घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं.

"लोक काय म्हणतील गं?"

"लोकांना तोंड आहे, ते म्हणतील. रोपांना तेवढंही नाही," ती म्हणाली आणि भाजी चिरायला बसली.

रविवारी गवंड्यानं सिमेंट कालवून ठेवलं होतं. साहेब बोलायला उभे राहणार, तेवढ्यात दादा पुढे झाले.

"साहेब, ताई, ते मी कोरलंय."

ताई कौतुकानं हसल्या. "बघा, किती जीव लावलाय दादांनी! स्वतःचंच वाटतं त्यांना."

"अहो, खरंच मी! तो सूर्य नाही. चाक आहे."

"चाक?" आरसेवाल्यांतले एक गृहस्थ पुढे सरसावले. "हा तर नवाच मुद्दा!" आणि त्यांनी वही काढली.

दादा रडकुंडीला आले. खोटं एका वाक्यात पटलं होतं, खरं काही केल्या पटेना. गवंड्यानं थापी उचलली.

तेवढ्यात मागून आवाज आला. "जरा वाट द्या हो." बायको होती. हातात फडक्यात गुंडाळलेली मोडकी छिन्नी. एकतीस वर्षं ती स्वयंपाकघराच्या खिडकीला टेकू म्हणून लावलेली होती. दादांनी छिन्नीचं मोडकं तोंड दगडात रुतलेल्या तुकड्यावर टेकवलं. चपखल बसलं.

ताईंचा चेहरा उतरला. "दोन वर्षं, दादा? दोन वर्षं मी हे लोकांना सांगतेय!"

"चुकलं ताई. तुम्ही इतक्या आवडीनं विचारलंत... चुकलंच."

दादांनी पहार घातली आणि फरशी बाजूला केली. थंड, ओलसर वास आला. ताईंनी रागारागातच आत डोकावलं, आणि तशाच राहिल्या. खाली विटांची रेखीव कमान होती, पुरुषभर उंचीची. तिच्यातून दगडी पाट थेट बंद कारंज्याच्या दिशेनं गेलेला, आणि पाटाच्या तोंडाशी दादांचा लोखंडी व्हॉल्व्ह.

"दादा, हे काय आहे?"

"हे होय? जुना पाट आहे. मिस्त्रीला त्याच्या मिस्त्रीनं दाखवला होता म्हणे. त्याच्या आधीचं मला ठाऊक नाही," दादा म्हणाले. या खेपेला अगदी मोजून.

"आणि इतकी वर्षं सांगितलं नाहीत?"

"कुणी विचारलंच नाही. तुम्ही सगळे झाकणच बघत होतात."

मग एकच झुंबड उडाली. सूर्यवाले, आरसेवाले, साहेब, सगळे गवतात पालथे पडून आत माना घालू लागले. गवंडी थापीसकट वाकला. बायको म्हणाली, "मग पळीचं काय ठरलं?" पण तिला उत्तर द्यायला कुणाचं डोकं वर नव्हतं.

दादा चावी घेऊन त्या पाठींच्या मागे उभे. या गडबडीत पूर्वेकडचं सकाळचं पाणी राहिलं होतं आणि ऊन चढत होतं.

"अहो, जरा सरका ना," ते म्हणाले. "पाणी सोडायचंय."