परदेशी मेसेजांत गेलेला नंबर

नागपूरजवळच्या वाडीतल्या गोदामात मालकांनी, भाऊंनी, मला संत्र्याच्या पेट्यांवर ठेवलं, तेव्हा दाखला मागितला नव्हता. आठवीत शाळा सोडून सिंधुदुर्गातून एवढ्या लांब आलेल्या माझ्यावर ते उपकारच होते. पुढे त्यांनी मला कंप्युटरवर बसवलं आणि बांगलादेशच्या व्यापाऱ्यांना मेसेज पाठवायचं काम दिलं. गाडी निघाली, गाडीचा नंबर अमुक, ड्रायव्हरचा फोन अमुक. तिकडे बऱ्याच जणांकडे साधे फोन, म्हणून मेसेजही साधाच.

एका हंगामात हे मेसेज जाईनासे झाले. आमचे मेसेज पुढे पाठवणारी कंपनी म्हणाली, तिकडच्या मोबाइलवाल्यांचे नियम बदललेत. पाठवणाऱ्याचं नाव आधी तिकडे नोंदवा, मजकूर मंजूर करून घ्या, मजकुरात फोन नंबर नको. अहो, ड्रायव्हरचा नंबरच तर कळवायचा होता! मी कागद पाठवत राहिलो आणि दर वेळी काहीतरी नवीनच कमी निघायचं.

"काहून गा, अजून मेसेज नाही गेला?" भाऊ ओरडले. "माल सडून राहिला सीमेवर. तुह्या सिमवरून पाठव ना!"

त्यांना नाही म्हणायला जीभ उचलेना. सगळ्यांना तोच मजकूर एकामागून एक पाठवत सुटलो. रोजची मर्यादा संपली की दुसऱ्या दिवशी पुन्हा. आठवड्याभरात सिम बंद.

"घरच्या सिमवरून धंद्याचे मेसेज टाकले ना?" सिमचा दुकानदार म्हणाला. "आता हा नंबर विसरा."

कसा विसरणार? गावी आई एकटी, आणि तिला तो एकच नंबर पाठ. वर मीच तिला बजावलेलं, अनोळखी फोन उचलू नको, फसवतात.

गोदामातल्या फोनवरून लावत राहिलो. शेवटी आईने उचलला. घाईत म्हणालो, "आई, मी बोलून राहिलो, नंबर बंद..."

"कोण रे तू? माझो झील असो बोलणा नाय!" पोटच्या मुलाचा फोन तिने कट केला.

"पुरा नागपूरचा झाला बे तू!" हमाल खिदळले. मला मात्र रडू येत होतं. पुन्हा लावला, आमच्या बोलीत बोललो, गोठ्यामागच्या फणसाचं विचारलं, तेव्हा कुठे तिला पटलं.

"किती लावतंय तुका! ती बाई म्हणता, ह्यो नंबरच नाय. माका वाटला..."

नवं सिम घेतलं आणि तो नंबर तिच्याकडून पाठ करून घेतला. मेसेजची मंजुरी अजून अडकलेलीच होती. भाऊ आले. "सिम आलं ना नवं? कर सुरू."

"नाही, भाऊ."

"काहून?"

"हा नंबरही गेला तर आई मला कुठे शोधेल?"

भाऊ खुर्ची ओढून बसले आणि बांगलादेशच्या व्यापाऱ्यांना महागाचे फोन एकेक करून स्वतःच लावू लागले. मोडक्या हिंदीत ड्रायव्हरचा नंबर ओरडून सांगत होते. मी शेजारी बसून पुढचा नंबर दाखवत होतो. दुपारचा डबा तसाच राहिला. नोकरी आहे की गेली, हे विचारायची माझी हिंमत नव्हती.