मोहावाली

बुधवारी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी नीलम सासूच्या खोलीत डोकावली, तेव्हा ताटलीखाली झाकलेली भाकर तशीच होती. शेजारी इन्सुलिनच्या सुईचं टोपण पडलं होतं. म्हणजे केशरबाईंनी रोजच्यासारखं सात वाजता स्वतःच्या हाताने इंजेक्शन टोचून घेतलं होतं आणि घासभरही न खाता त्या निघून गेल्या होत्या. खुंटीवरची कापडी पिशवी नव्हती. दाराशी चपला नव्हत्या.

केशरबाई त्र्याहत्तर वर्षांच्या. इंजेक्शननंतर पोटात काही गेलं नाही की त्यांना घाम फुटायचा, हात थरथरायचे, बोलणं तुटायचं. मागच्या दिवाळीत अशाच भोवळ येऊन न्हाणीत पडल्या होत्या. घरात माणसं होती म्हणून निभावलं, असं डॉक्टर म्हणाले होते.

नीलम तशीच फाटकाबाहेर आली. शेजारच्या पार्बताबाई दुधाची पिशवी घेऊन स्टँडकडून परत येत होत्या.

"तुह्या सासूले पाह्यलं मी," त्या म्हणाल्या. "आकोटच्या जीपमधी बसून राह्यली होती. म्या इचारलं, कुठं व? तं म्हने, गावाले."

"कोणत्या गावाले?"

"आता बाईमानसाले दुसरं कोनतं गाव असते?"

गाव म्हणजे माहेर. केशरबाईंचं माहेर मोहा. आकोटच्या वर, मेळघाटच्या जंगलात, मोहाच्या झाडांमध्ये वसलेलं, म्हणून झाडाचंच नाव गावाला. चैत्रात पहाटे फुलं गळत आणि दहा वर्षांची केशर टोपली घेऊन आईमागे वेचायला जाई. फुलं अंगणात वाळत, तव्यावर भाजली जात, तिळाबरोबर कुटून त्यांचे लाडू होत. बियांचं तेल दिव्यात जळे. आणि हो, काही घरांमागे भट्टीही लागे. तिच्यातून जे निघे त्यालाही मोहाच म्हणत. वऱ्हाडात मोहगाव आहेत, मोहाडी आहे, मोहोड आडनावाची शंभर घरं सापडतील. त्यांना कोणी हसत नाही. पण नुसतं 'मोहा' म्हटलं की माणसांना आधी बाटली आठवते.

दर्यापूरच्या तायड्यांच्या घरात तीन सुना. रीतीप्रमाणे तिघींची नावं उंबरठ्याबाहेरच राहिली आणि माहेरची गावं तेवढी आत आली. थोरली पातूरवाली, मधली तिवसावाली, धाकटी मोहावाली. "मोहावाली, पानी आन व," अशी हाक आली की केशरबाई उठायच्या. नवरा धर्मपाल ऐन चाळिशीत वारला, तेव्हा सांत्वनाला आलेल्या बायांनीही त्यांना याच नावाने जवळ घेतलं. निंदणाला, कापूस वेचायला त्या जात, तिथे मजुरांच्या यादीतही हेच नाव होतं.

त्यांच्या मुलाला, अश्विनला मात्र शाळेत या नावाने छळलं. "तुही माय मोहावाली, एक पावशेर आन बे," पोरं म्हणायची. ज्या घरात रोज संध्याकाळी वंदनेत दारूपासून दूर राहण्याचं शील म्हटलं जाई, ज्या धर्मपालने आयुष्यात थेंबाला हात लावला नाही, त्या घरच्या पोराने हे ऐकून घ्यायचं. अमरावतीला नोकरी लागली, दर्यापुरात स्लॅबचं घर झालं, तेव्हा अश्विनने सगळ्यांना बजावलं, "आईले त्या नावानं कोणी हाक मारायची नाही." पुढे दोन्ही जावाही गेल्या. मग केशरबाई कोणाची आई, कोणाची आजी आणि नीलमची आत्याबाई एवढ्याच उरल्या.

रविवारी अश्विन-नीलमच्या मुलीला, पौर्णिमाला, पाहायला पाहुणे आले होते. त्यांच्यातल्या एका बाईंनी सहज विचारलं, "आजींचं माहेर कुठलं?" केशरबाईंनी सांगायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात अश्विन म्हणाला, "आकोट." केशरबाईंनी तोंड मिटलं. नीलमने ते पाहिलं होतं. पाहिलं आणि पोह्यांची बशी पाहुण्यांपुढे सरकवली होती.

आता तिने अश्विनला अमरावतीला फोन लावला.

"मोह्याले?" तो ओरडलाच. "तिथं आता आहे काय? गाव उठून आठ वर्षं झाली."

ते खरं होतं. वाघांसाठी जंगल मोकळं करायचं म्हणून सरकारने गाव हलवलं आणि आकोटच्या पलीकडे सपाटीवर रांगेत घरं बांधून दिली. पाटीवर नाव तेच ठेवलं. केशरबाईंनी ते नवं गाव अजून पाहिलं नव्हतं. केशरबाईंचा भाचा मोतीराम तिथे राहत होता. नीलमने त्याला फोन केला.

"आत्या इकडं नाई आली, वयनी," तो म्हणाला. "आकोटहून गाडी बाराले सुटते. त्याच्याआंधी कशी येईन? आन येऊन तरी काय पाह्यते? इथं मोहाचं एक झाड नाई."

साडेआठच्या बसमध्ये नीलम बसली तेव्हा तिच्या पर्समध्ये गुळाचा खडा आणि पाण्याची बाटली होती. अंजनगावला बस वीस मिनिटं थांबली. नीलमने चार वेळा घड्याळ पाहिलं. आत्याबाई आकोटला उतरल्या असतील तर ठीक. पण कोणी त्यांना जुन्या गावाच्या वाटेला, जंगलाच्या नाक्याकडे जाणाऱ्या गाडीत बसवलं असेल तर? वाटेत भोवळ आली असेल तर? पिशवीत ना औषधाची चिठ्ठी, ना कोणाचा फोन नंबर. ती चिठ्ठी लिहून ठेवायचं दिवाळीपासून राहून गेलं होतं.

दहा वाजून पाच मिनिटांनी ती आकोटच्या स्टँडवर उतरली. फलाटावर माणूस माणसाला लागत होता. चौकशी खिडकीत एक जाडसे नियंत्रक बसले होते. तिने त्यांना सगळं सांगितलं.

"नाव?"

"केशरबाई धर्मपाल तायडे. हिरवं लुगडं, हातात पिशवी."

त्यांनी भोंग्यावरून तीनदा पुकारलं. कोणी आलं नाही. नीलमने बायकांची बाकडी पाहिली, रसवंती पाहिली, संडासाच्या रांगेत जाऊन हाका मारल्या. दहा पंचवीस. इंजेक्शनला साडेतीन तास होत आले होते.

तेव्हा तिला मागच्या महिन्यातला दवाखाना आठवला. नर्सने "केशरबाई तायडे" म्हणून चारदा हाक मारली होती आणि आत्याबाई दुसरंच कोणी उठतंय का ते पाहत बसल्या होत्या. कानाने कमी ऐकू येतं, असं म्हणून घरी सगळे हसले होते. पण स्वयंपाकघरात पडलं ते झाकण की वाटी, हे त्या अंगणातून सांगत.

नीलम पुन्हा खिडकीशी गेली.

"साहेब, दुसऱ्या नावानं पुकारा."

"कोनत्या?"

बावीस वर्षं त्या घरात राहून हा शब्द तिने एकदाही तोंडातून काढला नव्हता.

"मोहावाली."

नियंत्रकांनी चष्मा वर केला. "ताई, असं पुकारलं तं आर्धं स्टँड इथं लायनीत उभं राहीन."

"राहू द्या. माझ्या सासूचं नाव आहे ते."

त्यांनी भोंग्याचं बटण दाबलं. "दर्यापूरच्या मोहावाली, जिथं असतील तिथून चौकशी खिडकीजवळ यावं. मोहावाली, दर्यापूर."

फलाटावर हशा पिकला. "आमाले बी सांगजा, भाऊ," कोणीतरी ओरडलं. नीलमचे कान तापले. ती मान वळवून सगळीकडे पाहत राहिली.

उभ्या बसच्या मागून, भिंतीच्या सावलीतून, बारीक आवाज आला, "हाव, आली व."

केशरबाई उठू पाहत होत्या आणि त्यांना उठता येत नव्हतं. चेहरा घामाने डबडबलेला, पदर भिजलेला. जीपमधल्या कोणा बाईने दिलेल्या दोन बिस्किटांवर त्यांनी एवढा वेळ काढला होता. नीलमने त्यांच्या तोंडात गूळ घातला, कोणाकडून तरी भरपूर साखरेचा चहा मागवला आणि त्यांचा हात धरून बसली. थरथर थांबायला पंधरा मिनिटं लागली.

"नाव आयकलं तं मले वाटलं पातूरवालीनं आवाज देल्ला," केशरबाई म्हणाल्या. मग तिच्याकडे नीट पाहून, "तू होय व?"

"हाव. सांगून तरी निघायचं, आत्याबाई."

"सांगतलं असतं तं तुमी आकोटले आनून सोडलं असतं. हे आलं तुमचं माहेर, म्हनले असते."

नीलमने त्यांच्या कपाळावरचा घाम पुसला.

"फुलं पडून राह्यली असतीन," केशरबाई म्हणाल्या. "चैत लागला. उनं झाली का वाया जाते."

अश्विनचा फोन आला. सापडल्या म्हटल्यावर त्याने मोठा श्वास सोडला. "आता सरळ घरी घेऊन ये." नीलम म्हणाली, "बघते."

बाराची गाडी फलाटाला लागली. पाटीवर दोनच अक्षरं होती. केशरबाईंना ती वाचता येत नव्हती, पण कंडक्टरचा पुकारा ऐकून त्या उठल्या. नीलमने मनाशी हिशेब केला. परतीची गाडी तीनला, रात्रीचं इंजेक्शन आठला. पर्समध्ये निम्मा खडा उरला होता. वाटेत काही झालं तर तिथे दवाखाना आहे का, हे तिला ठाऊक नव्हतं.

"कुठं?" कंडक्टरने विचारलं.

"दोन मोहा," नीलम म्हणाली, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं.

केशरबाई खिडकीशी बसल्या. रिकामी पिशवी त्यांनी मांडीवर पसरली आणि तळहाताने तिच्या सुरकुत्या काढू लागल्या. चाळीस मिनिटांचा रस्ता. तिथे मोहाचं एकही झाड नाही, हे पोचायच्या आत सांगायला हवं होतं.

"आत्याबाई..."

"काय व?"

"काही नाही. गूळ खा अजून थोडा."