क्रेनआत्या

झाडू मारणारं माणूस खाली बघतं. क्रेनआत्या वर बघायची. चाकणच्या एका कंपनीत आम्ही दोघींनी वीस वर्षं एकाच शेडमध्ये झाडू मारला. छताखालून क्रेन फिरायची, टनाटनाचे लोखंडी साचे उचलून न्यायची, आणि ही बाई कचरा सोडून तिकडे बघत उभी. म्हणून कंपनीतल्या पोरांनी हे नाव पाडलं. ती माझ्याहून दोन वर्षांनी लहान, तरी मीही आत्याच म्हणायचे.

मला क्रेनची भीती वाटायची. अजून वाटते. एकदा साखळी तुटली आणि मी नुकत्याच झाडलेल्या जागेवर पत्र्यांचा गठ्ठा आदळला. कुणाला लागलं नाही, पण दोन दिवस मी त्या बाजूला झाडायला गेले नाही. आत्या म्हणाली, "चालवणाऱ्याची चूक. त्यानं सरळ उचललंच नाही." मला तिचा रागच आला.

"एकदा वर बसायचंय मला," हे तिचं कायमचं बोलणं.

"बसून काय करणार?"

"चालवणार. दुसरं काय, पापड लाटू?"

ती छप्पन्न वर्षांची असताना नोटीस लागली. बायकांनाही क्रेन शिकवणार, सातवी पास पाहिजे. नोटीस तरण्या पोरींसाठी होती. आत्यानं लातूरकडच्या गावातून शाळेचा दाखला मागवला.

"आत्या, वर जायची एवढी घाई कशाला?" पोरं हसली.

"तू खाली थांब. तुझ्याच डोक्यावरून नेते."

साहेब भला माणूस, पण त्यानं स्पष्ट सांगितलं. परीक्षा दोनदाच. नाही जमलं तर झाडूही नाही, तिच्या जागी दुसरी बाई घेतली होती. नवरा वारलेला, मुलगा विचारत नव्हता. ती त्या पगारावरच जगत होती.

"न्हाई म्हण," मी सांगितलं. "हाय ते बी जाईल."

"तू भ्यायलीस म्हणून मी बी भ्यायचं का?"

दोन महिने ती शिकली. पहिल्या परीक्षेला सिमेंटचा मोठा ठोकळा उचलायचा होता. मी खांबामागे उभी होते. ठोकळा उचलला गेला. पुढं न्यायच्या आधी पायानं घंटी वाजवायची असते. तिनं वाजवली, क्रेन निघाली आणि तिनं हातातले क्रेनचे दोन्ही दांडे सोडून अंग मागं घेतलं. क्रेन जागीच थांबली, ठोकळा झोके घेत रॅकवर आपटला. मी किंचाळले.

"अहो, घंटी तुम्हीच वाजवली ना?" साहेब ओरडला.

त्याला कळलं नाही, मला कळलं. वीस वर्षं घंटी ऐकली की आम्ही हातातलं टाकून मागं सरायचो. तिचं अंग अजून खालीच होतं.

मग रोज जेवणाच्या सुट्टीत ती स्टुलावर बसायची, दोन झाडूंचे दांडे मुठीत धरून. मी पत्र्यावर पाना आपटायचा, तिनं दांडे सोडायचे नाहीत. खरं सांगते, ती नापास व्हावी असंच मला वाटत होतं. नोकरी गेली असती, पण मेली तर नसती ना. म्हणून मी मुद्दाम कानाजवळ, अचानक आपटायचे. सुरुवातीला दांडे खाली पडायचे. महिन्यानं तिनं मान वळवून नुसतं म्हटलं, "अजून जोरात आपट की, जेवली नाहीस का?" हात हलले नाहीत. मी पाना खाली ठेवला.

दुसऱ्या परीक्षेला मी डोळेच मिटले. ठोकळा नीट टेकला, ते पोरांच्या शिट्ट्यांवरून कळलं.

दोन वर्षं तिनं क्रेन चालवली. तिच्या हातून काही पडलं नाही. ती वर असली की मी शेडची कड धरून झाडायचे, ते सुटलं नाही. मग तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू निघाला आणि साहेबानं तिला उतरवलं. ती गावी गेली, आणि आता तर ती नाहीच. डॉक्टर काय म्हणाले, कशानं गेली, मला नीट माहीत नाही.

तिचं शेवटचं उतरणं तेवढं माहीत आहे. शिडी उभी, तिला पायऱ्या दिसेनात, एकेक पाय चाचपत येत होती. मी शिडीखाली जाऊन हात वर करून उभी राहिले.

"बाजूला हो गं," ती वरून ओरडली. "पडले तर दोघी मरू."

"पड की मग," मी म्हणाले, आणि तिचा पाय जमिनीला लागेपर्यंत तशीच उभी राहिले.