टाळीतलं पाखरू

सरदारांच्या वस्त्रांची कोठी माझ्या ताब्यात होती. उद्या जावयांना द्यायच्या शालीला भोक दिसलं, म्हणून मी नारायण पेठेतून रफूगार बोलावला. म्हाताऱ्याने डोळे मिटले आणि शालीवरून नुसता तळवा फिरवत नऊ भोकं दाखवली. तेवढ्यात घडीतून कोंड्याएवढं सोनेरी पाखरू उडालं. मी ते टाळीत चिरडलं.

"त्याला कशाला मारलंत? त्याचं खाऊन झालेलं असतं," तो सुई ओवत म्हणाला. "खाते ती अळी. ती उडत नाही, आतच असते."

रंग विटेल म्हणून दोन पावसाळे उलटले तरी मी कोठीतलं एकही गाठोडं सोडून उन्हात घातलं नव्हतं.

शाल झाली, तरी तो उठेना. माझ्यामागे रचलेल्या गाठोड्यांकडे पाहत त्याने पुन्हा सुई ओवली. मला वळून पाहण्याचा धीर झाला नाही.