फ्री प्लॅन आणि खिळ्यावरचा रुमाल

फुकटच्या सॉफ्टवेअरचे किस्से शोधावे लागत नाहीत, मोहफुलांसारखे आपोआप पडतात. वेचणारा पाहिजे! आमचं चंद्रपुरातलं ऑफिस म्हणजे एक खोली आणि तिघंजणं: मी, विनोदभाऊ आणि एटापल्लीकडची सुनीता. प्रोग्राम लिहायची, साठवायची सगळी सोय इंटरनेटवर आणि सगळी फ्री प्लॅनमधली. लायसन्स घ्यायचं दर दिवाळीला ठरायचं आणि राहून जायचं.

*

फ्री प्लॅनमध्ये एका प्रोजेक्टवर एका वेळी एकच जण! दुसरा शिरला की पहिला बाहेर आणि त्याचं अर्धवट काम गायब. रोज भांडणं. शेवटी विनोदभाऊंनी एसटीचा कायदा लावला, "ज्याचा रुमाल, त्याची सीट!" भिंतीवर प्रत्येक प्रोजेक्टचा एक खिळा ठोकला. काम करणाऱ्यानं त्यावर रुमाल टांगायचा. एसटीत कोणी पाळत नाही इतका आम्ही तो कायदा पाळला.

*

राजुऱ्याच्या एका ट्रान्सपोर्टवाल्या शेठला ट्रकांचा प्रोग्राम दाखवत होतो. स्क्रीनवर आडवं, भलंमोठं 'फ्री व्हर्जन'! काही केल्या हटेना. शेठ खूश झाले, "म्हणजे मलेबी फुकटच देऊन राह्यले ना?"

ते काम गेलं.

*

रोज उघडलं नाही की फ्री प्लॅनमधलं प्रोजेक्ट झोपी जायचं. विनोदभाऊ सकाळी चहा पितापिता एकेकाला उघडून हाक मारायचे, "ऊठ गा, दिस डोक्यावर आला!"

"आणि नाही उठवलं तर?" मी विचारलं.

"लई दिवस नाई उठवलं तं कंपनीवाले पुसूनच टाकते."

आम्ही हसलो. एवढं सोपं काम कोण चुकवणार?

*

सुनीता तिच्या गावच्या लेकरांसाठी गोंडी शब्दांचं ॲप करत होती. त्यात शब्द बोलायचे तिचे बाबा. झाडांची नावं, पाखरांची नावं, मध्येच खोकला आणि हसू. फोन भरला तेव्हा तिनं त्यातलं बाबांचं सगळं रेकॉर्डिंग काढून टाकलं. मी म्हटलं, "असू दे की एक कॉपी."

"काऊन? प्रोजेक्टमधी हाये ना सारं!"

*

बाबा अचानक गेले. फोन आला तशी सुनीता लॅपटॉपची बॅग उचलून गावी निघाली. गोंडीच्या खिळ्यावर तिचा रुमाल होता.

विनोदभाऊ रोज बाकीची प्रोजेक्टं उठवायचे आणि त्या खिळ्यापाशी थांबायचे. "तिथून काम करून राह्यली असन. आपण शिरलो तं तिचं जाईन." मलाही पटायचं. आज त्या पटण्याचंच फार वाईट वाटतं.

घरचं सगळं आटोपून सुनीता बऱ्याच दिवसांनी परतली. बॅग खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, "भाऊ, पहिले बाबाचा आवाज लावा."

विनोदभाऊंनी अकाउंट उघडलं. बाकी सगळं जागेवर होतं, गोंडीचं प्रोजेक्ट नव्हतं. त्यांनी वर-खाली करून पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग हळूच म्हणाले, "तुझा रुमाल होता ना बाई... म्हणून आमी हात नाई लावला."

सुनीतानं खिळ्याकडे पाहिलं.

"मी तं घाईत विसरली होती तो!"