वादळात हसलेली आई

काल रोह्याच्या घरी चहासाठी आलं किसताना वास आला आणि मी थेट वीस वर्षांमागच्या त्या शिडाच्या पर्यटन जहाजावर पोचले. भाऊ तिथे खलाशी होता, म्हणून आईला आणि मला ती सफर घडली.

दुसऱ्याच सकाळी वादळ उठलं. शिडं उतरवली, सगळ्यांना जेवणघरात बसवलं. जहाज कलंडलं की कपबशा घसरत जायच्या. प्रवासी ओकून बेजार झाले होते; भाऊ सगळ्यांना आल्याचे तुकडे चघळायला देत होता.

आईचा जन्म पेणच्या मिठागरांत गेलेला. खाडीबाहेरचा समुद्र ती पहिल्यांदाच बघत होती. खिडकीला चिकटून ती ओरडली, "आली गो, आली! केवढी लाट हाय बघ!"

मी घाबरून तिचा पदर धरला. "आई, बस ना, पडशील!"

"तुझा बापूस मालाच्या बार्जवर व्हता, धरमतर बंदराला परत आला का अशाच लाटांचं सांगायचा. मी म्हणायची, थापा मारतो. खरं सांगत व्हता गो तो!"

बाबांना जाऊन वर्ष झालं होतं आणि त्यानंतर आई पहिल्यांदाच हसत होती. तेव्हा मला ते वेड वाटलं. आता वाटतं, त्या दिवशी तिला बाबांशी बोलायचं होतं.

पुढची लाट काचेवर आदळली, तेव्हा मात्र मीही तिच्यासोबत ओरडले.