गुडघ्याचं गाऱ्हाणं

हे लिहावं की नाही, यावर मी बरेच दिवस स्वतःशीच भांडत होते. मी पत्रकांच्या घरात वाढले. बाबा रत्नागिरीतल्या एका शाळेत शिक्षक होते आणि उरलेल्या वेळात हुंडा, दारू, अंधश्रद्धा यांविरुद्ध पत्रकं काढायचे. ओट्यावर बसून त्या पत्रकांच्या घड्या घालणं ही माझी सगळ्यात जुनी आठवण. शाईच्या बोटांनी जेवायला बसते म्हणून आई ओरडायची. पुढे मीही लिहायला लागले, आणि माझं पहिलं पत्रक निघालं ते कौल लावण्याच्या प्रथेवर. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. आपले निर्णय फुलांवर सोपवू नका, असं मी त्यात ठणकावून सांगितलं होतं. त्यातला एकही शब्द मी आज मागे घेत नाही. पण जे घडलं ते घडलं, आणि माझ्या मताला अडचणीचं आहे म्हणून ते लपवणं मला जमत नाही.

मी बास्केटबॉल खेळायचे. नुसती हौस म्हणून नव्हे, मुंबईतल्या एका संस्थेच्या संघात आठ वर्षं पगारावर होते. ते दिवस आठवले की आधी आवाज येतात. लाकडी कोर्टावरची बुटांची किरकिर, मागून कुणीतरी घातलेली 'डावीकडे बघ!' अशी हाक, कड्याला न लागता चेंडू जाळीतून गेला की होणारा तो हलका सूंऽ. दौऱ्यावर निघालो की गाडीच्या वरच्या बर्थवर आम्ही पाचजणी दाटीवाटीने बसून पत्ते कुटायचो आणि हरणारीने सगळ्यांचे मोजे धुवायचे. उंची बेताची, म्हणून माझी जागा चेंडू पुढे नेणारीची. कोण कधी मोकळी होणार हे मला तिच्याआधी कळायचं. इतकं सुख मला दुसऱ्या कशात मिळालेलं नाही. मग एका सामन्यात उडी मारून खाली येताना उजवा गुडघा आत वळला. ऑपरेशन झालं, करार संपला, नवा झाला नाही. मी घरी आले.

इथे एका शाळेच्या सिमेंटच्या कोर्टावर मुलींना शिकवायला लागले. विचारणाऱ्याला सांगायचे, 'तात्पुरतं आहे.' बाराजणी होत्या. काही मिरकरवाड्यातल्या, दोघी मिरजोळ्याहून सायकलने येणाऱ्या, बाकीच्या आसपासच्या. त्या 'ताई, बघा ना' म्हणून हाका मारत आणि मी त्यांच्याकडे न बघता चेंडू हातात घेऊन त्यांनाच दाखवत बसे, की खरं कसं खेळतात. हे शिकवणं नव्हतं. माझं संपलेलं खेळणं मी त्यांच्यासमोर चालू ठेवलं होतं.

अशी दोन वर्षं गेली आणि जुन्या संघाकडून फोन आला. माझ्या जागेवरची मुलगी सोडून गेली होती. महिन्याने निवड चाचणी होती. गुडघा ठीक असेल तर ये, वर्षभराचा करार मिळेल, असं म्हणाले. मी त्या रात्री झोपले नाही. आणि आठवड्यापूर्वीच डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, की गुडघा अजून सैल आहे, पुन्हा वळला तर जन्माचं लंगडणं. घरी मी सांगितलं, 'डॉक्टर म्हणाले, बरा झालाय.' रोज सराव करून आले की खोलीचं दार लावून गुडघ्यावर बर्फ धरायचे आणि आईने हाक मारली की ओला टॉवेल खाटेखाली सरकवायचे. सगळ्या जगाला खरं बोलायला शिकवणाऱ्या मुलीचा हा उद्योग होता.

जायला आईची ना नव्हती, पण तिने एक अट घातली. संगमेश्वरच्या आत आमचं मूळ गाव आहे. तिथल्या ग्रामदेवतेला कौल लावायचा, मगच मुंबई. तिचं मन मोडवेना म्हणून मी हो म्हटलं. बाबा म्हणाले, "गाडी मी चालवीन. पायरी चढणार नाही."

"देवाने तरी तुम्हाला कुठे आवतण दिलंय?" आई म्हणाली.

देवळात गुरव होते आणि आमच्यानंतरच्या कौलासाठी आलेली एक बाई नारळ घेऊन बसली होती, शेजारच्या गावची, आमच्या ओळखीची नव्हे. गुरवांनी आईकडून सगळं ऐकून घेतलं, पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं सुरू केलं. गाऱ्हाण्याची एक रीत असते. गुरव देवासमोर एकेक वाक्य म्हणतो आणि जमलेले सगळे त्याला 'होय महाराजा' अशी साक्ष देतात. "बा देवा महाराजा, ही तुझ्या गावची लेक. हिचा गुडघा मोडला होता, तो आता तुझ्या कृपेने बरा झालाय..."

"होय महाराजा," आई म्हणाली. ती अनोळखी बाई म्हणाली. आणि मीही म्हणाले.

"हिने खेळायला मुंबईला जावं असं तुझ्या मनात असेल तर उजवी दे."

पाकळी पडली नाही. उजवी नाही, डावीही नाही. पाव तास गेला, अर्धा गेला. गुरवांनी तेच गाऱ्हाणं पुन्हा घातलं. तास होत आला. मी मांडी घालून बसले होते आणि गुडघ्यात कुणी सुरी फिरवावी तशी कळ येत होती. पण देवाकडे पाय करायचे नाहीत हे लहानपणापासून अंगात भिनलेलं, आणि पाय हलवला तर आईला कळणार. घाम मात्र लपेना.

"काय गो बाय, पाय दुकतो ना?" ती बाई म्हणाली.

"नाही."

"नाय कसा? मगासपासून बघतंय मी. पाय सोड." मी मान हलवली तशी ती सरकत माझ्याजवळ आली, आपल्या पिशवीतली धुवट चादर काढून तिची घडी केली आणि माझी टाच धरून, मूल उचलावं तसा माझा पाय उचलून त्या घडीवर ठेवला, सरळ देवाच्या दिशेने. "पाय त्यानंच दिला ना? मग त्याच्याकडं केलास तर तो काय रागवतो?"

गुडघा भोपळ्यासारखा सुजला होता. पँटवरूनही दिसत होता. आईने पाहिलं. तिने पदराने माझ्या कपाळावरचा घाम टिपला, आणि तेच मला सोसलं नाही. मी गुरवांना म्हटलं, "गुरवदादा, गाऱ्हाणं खोटं आहे. माझा गुडघा बरा नाही. मी डॉक्टरांचं सगळ्यांपासून लपवलं." बोलताना मला रडू फुटलं. खेळ सोडला तर मी कोण, हे मला माहीत नव्हतं. ते मी तिथे पहिल्यांदा मोठ्याने बोलले.

गुरव रागावले नाहीत. "मग आधी सांगायचा नाय? आमी देवासमोर खोटी साक्ष दिली गो," एवढंच म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "हल्ली करतेस काय?"

"मुलींना शिकवते. बाराजणी आहेत."

ते पुन्हा उभे राहिले. "बा देवा महाराजा, मघाशी चूक झाली. लेकीचा गुडघा बरा नाय."

"होय महाराजा."

"भ्यायली, म्हणून खोटं बोलली. पोटात घाल."

"होय महाराजा." या वेळी एक आवाज जास्त होता, पुरुषाचा, मागून. मी वळून पाहिलं. बाबा चपला काढून वरच्या पायरीवर उभे होते.

"ज्या बारा पोरी हिच्या हाताखाली हायत, त्यांची राखण हिच्या हातून करून घे."

"होय महाराजा," आम्ही म्हटलं, आणि उजवी पाकळी पडली.

गुरव थांबले. प्रश्न अजून विचारलाच नव्हता. आई गोंधळून म्हणाली, "हे कशाला हो म्हणायचं?" गुरवांनी खाली वाकून पाकळी उचलली आणि माझ्या तळहातावर ठेवली. "वयनी, शेवटी काय मागितलात त्ये आठवा," ते म्हणाले.

पाकळ्या वाळतात आणि पडतात, हे मला माहीत आहे. माझ्याच पत्रकात ते लिहिलेलं आहे. मी इथे काही सिद्ध करायला बसलेले नाही. एवढंच सांगते, की तासभर जे अडलं होतं ते खरं बोलल्यावर सुटलं, आणि माझ्या आतलंही त्याच क्षणी सुटलं. त्या बाईचं नाव विचारायचं राहून गेलं. गाडीत मी बाबांना त्यांच्या 'होय महाराजा'बद्दल छेडलं तेव्हा ते रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "माणसं कमी होती. आवाज कमी पडत होता." आई खिडकीकडे तोंड करून घाटभर हसत होती.

मी चाचणीला गेले नाही. जुन्या संघाला खरं कारण कळवलं, आणि मुलींनाही माझ्या गुडघ्याची सगळी गोष्ट सांगितली. आता सरावाला चेंडू मी हातात कमी घेते. बाजूला उभी राहून त्यांच्याकडे बघते आणि सुरुवातीला प्रत्येकीला विचारते, कुठे दुखतंय का? पहिले काही महिने सगळ्या 'नाही ताई' म्हणायच्या. मीही तसंच म्हणायचे, म्हणून मी पुन्हा विचारायचे.

यंदा आम्ही जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात पोचलो. शेवटची दोन मिनिटं, एका गुणाने आम्ही पुढे, आणि माझ्या सगळ्यात भरवशाच्या मुलीने हात वर केला. "ताई, घोटा दुखतोय. बाहेर येऊ?" सगळं मैदान ओरडत होतं. मी तिला बाहेर घेतलं. आम्ही दोन गुणांनी हरलो. ती बाकावर बसून रडत होती, की माझ्यामुळे गेलं. मी तिच्यासमोर खाली बसले, तिचा पाय माझ्या मांडीवर घेतला आणि बुटाची नाडी सोडवायला लागले. देवा, तुझे उपकार. तिने कुणी न विचारताच खरं सांगितलं.